सवलतीचें सौंदर्य

घरगुती वस्तूंच्या खरेदीचा विषय वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत यावा कीं न यावा, अशी शंका कांहीं रसिक वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. परंतु ज्या खरेदींत गिऱ्हाईक प्रथम रूप पाहतें, मग किंमत विचारतें आणि उपयोगाचा विचार वस्तु घरीं आल्यावर करतें, ती खरेदी केवळ बाजाराची बाब राहत नाहीं. ती अभिरुचीची बाब होते. आणि अभिरुचीचा प्रश्न या पानांच्या कक्षेबाहेरचा आहे असें कोणी म्हणेल असें वाटत नाहीं. म्हणून जुन्या, देखण्या आणि सवलतींत मिळणाऱ्या टेबलावरच्या संगणकाचा विषय आज येथें मुद्दाम घेतला आहे.

वैजापूर हें कांहीं मोठें शहर नव्हे. तालुक्याचें गांव, आगगाडी धरावयाची तर रोटेगांव स्टेशनावर जावें लागतें. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्यें नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला, तो मात्र याच तालुक्यांतून जातो. तथापि बाजार गांवांत शिरण्यासाठीं त्या रस्त्याची वाट पाहत थांबला नव्हता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमधला जुना माल हातांतल्या मोबाइलवर दिसतो आणि थोड्याच दिवसांत पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दाराशीं येऊन उभा राहतो. या मालांत ज्याच्याकडे डोळा आधीं वळतो तो म्हणजे ॲपल कंपनीचा जुना आयमॅक. एका वांकलेल्या पायावर उभा असलेला ॲल्युमिनियमचा सुबक पत्रा. पडदा त्यांतच, यंत्रहि त्यांतच. तारांचें जंजाळ नाहीं, खालीं अवजड पेटी नाहीं. एके काळीं लाखाच्या आसपास किंमत असलेली ही वस्तु आज तिच्या लहानशा अंशांत मिळते. मुलगी स्पर्धापरीक्षेची तयारी करीत असते, मुलगा अकरावींत गेलेला असतो, घरांत संगणक हवाच असतो. मग गृहस्थ म्हणतो, ‘घ्यावयाचाच आहे तर देखणा कां नको?’

प्रश्न वरवर रास्त आहे. त्याचें उत्तर आम्ही आधींच सांगून टाकतों, म्हणजे वाचकांस शेवटपर्यंत ताटकळत राहावें लागणार नाहीं. जो संगणक गांवांतल्या कारागिराला सहज उघडतां येत नाहीं, तो कितीहि सुंदर असो आणि कितीहि स्वस्त असो, वैजापूरसारख्या ठिकाणच्या मध्यमवर्गीय कुटुंबानें घरचा एकमेव संगणक म्हणून तो विकत घेऊं नये. आमचें वैर जुन्या वस्तूशीं नाहीं, आणि सुंदर वस्तूशीं तर मुळींच नाहीं. आमचें वैर बंद झांकणाशीं आहे.

प्रथम सवलतीचाच विचार करूं. दुकानांत ‘सूट’ हा शब्द वाचला कीं आपणांस वाटतें, विक्रेत्यानें आपल्यावर कांहीं उपकार केला. वस्तुतः यंत्राच्या बाबतींत सूट म्हणजे त्याच्या उरलेल्या आयुष्याची मोजदाद असते. ॲपलचा नियम उघड आहे. एखाद्या यंत्राची विक्री कंपनीनें थांबवून पांच वर्षें लोटलीं कीं तें ‘व्हिंटेज’ होतें, म्हणजे सुटे भाग शिल्लक असतील तरच दुरुस्ती. सात वर्षें लोटलीं कीं तें ‘ऑब्सोलीट’, म्हणजे कंपनीनें बहुतेक हात झटकले. यांतली ग्यानबाची मेख अशी कीं हीं वर्षें तुम्ही यंत्र विकत घेतल्या दिवसापासून मोजलीं जात नाहींत. कंपनीनें तें विकणें थांबविलें त्या दिवसापासून मोजलीं जातात. २०२० सालचा २७ इंची आयमॅक कंपनीनें मार्च २०२२ मध्यें विक्रींतून काढला. त्याचीं सात वर्षें २०२९ मध्यें भरतील, मग तुम्ही तो २०२३ मध्यें घेतलेला असो कीं २०२८ मध्यें. नव्या गिऱ्हाइकाच्या हातीं नवी वस्तु पडते ती अख्ख्या मुदतीनिशीं. जुन्या गिऱ्हाइकाच्या हातीं पडते ती मुदतीची शेवटची फोड.

हीच कथा आज्ञावलींची. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलनें इंटेलच्या चिपा सोडून स्वतःच्या चिपा वापरण्यास आरंभ केला, आणि जून २०२५ मध्यें असें जाहीर केलें कीं ‘टाहो’ ही इंटेलच्या यंत्रांवर चालणारी शेवटची प्रमुख आवृत्ति होय. २०१७ चा आयमॅक तर २०२२ च्या ‘व्हेंचुरा’ आवृत्तीपुढें अधिकृतपणें जातच नाहीं. पडदा लखलखीत, पत्रा निष्कलंक, आणि बँकेचें किंवा परीक्षेचें संकेतस्थळ सांगतें कीं तुमचा ब्राउझर जुना झाला! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपल्याकडे आहेच. येथें कोंबडी चार आण्यांची खरी, परंतु मसाला कोठेंच मिळत नाहीं, असा प्रकार होतो.

आतां कोणी म्हणेल कीं सौंदर्य आणि सोय यांचें जन्माचें हाडवैर आहे. सुंदर वस्तु हवी असेल तर ती बंदच असावयाची. हा समज व्यापाऱ्यांनीं पसरविला आणि आपण तो निमूटपणें मान्य केला. परंतु त्याच कंपनीचा इतिहास या समजाविरुद्ध साक्ष देतो. जुलै २००० मध्यें ॲपलनें ‘पॉवर मॅक जी-४ क्यूब’ नांवाचा संगणक विक्रीस काढला. सुमारें आठ इंच बाजूचा घन, स्वच्छ पारदर्शक आवरणांत अधांतरीं ठेवल्यासारखा. आंत पंखा नाहीं, उष्णता वरच्या जाळींतून आपोआप निघून जावयाची. सुरू करण्यासाठीं नुसता बोटाचा स्पर्श पुरे. जोनाथन आइव्ह यांच्या नेतृत्वाखालीं घडलेलें हें रूप पुढें न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत जाऊन बसलें. किंमत होती १,७९९ डॉलर, आणि तीहि पडदा वगळून. गिऱ्हाईक पुरेसें येईना, किंमत उतरविली, तरीहि येईना, आणि जुलै २००१ मध्यें, म्हणजे वर्षभरांतच, उत्पादन थांबलें.

या गोष्टीचें तात्पर्य ‘केवळ सौंदर्यावर माल खपत नाहीं’ असें सांगण्याची रीत आहे, आणि तें तात्पर्य खोटें नाहीं. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्या घनाची दुसरीच गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तो उलटा केला आणि तळाशीं दडलेली मूठ दाबली कीं ती बाहेर येई, आणि तिला धरून यंत्राचा सगळा गाभा विहिरींतून घागर ओढावी तसा वर निघे. ज्या शिल्पकारांनीं तो संग्रहालयाच्या योग्यतेचा केला, त्यांनींच तो उघडण्याजोगाहि केला. पुढें २००४ मध्यें आलेल्या ‘आयमॅक जी-५’ या पांढऱ्या, देखण्या यंत्राच्या पहिल्या आवृत्तीचें मागचें झांकण तळाचे तीन स्क्रू सैल केले कीं निघून येई, आणि आंतील कित्येक भाग घरधन्यानें स्वतः बदलावे अशी सोय होती. तेव्हां सौंदर्यासाठीं झांकण बंद करावेंच लागतें हें म्हणणें टिकत नाहीं. झांकण बंद झालें तें मागाहून, आणि तें बंद करण्याचा निर्णय सौंदर्यदेवतेनें घेतलेला नाहीं.

२०१२ च्या अखेरीस आयमॅकचें रूप पुन्हा बदललें. कडा अवघी ५ मिलिमीटर जाडीची झाली, आणि पुढची कांच चिकटपट्टीनें देहाला चिकटविण्यांत आली. जरा विचार करावा: टेबलावर एका जागीं ठेवावयाचें हें यंत्र, त्याच्यापुढें बसणाऱ्याला त्याची कड कधीं दिसतहि नाहीं, तें भिंतीला पाठ लावून वर्षानुवर्षें उभें राहणार. त्याची कड पातळ असली काय आणि जाड असली काय, कोणाचें काय अडतें? परंतु त्या न दिसणाऱ्या कडेच्या नाजूकपणासाठीं दिसणारी सोय बळी दिली गेली. २७ इंची आवृत्तीला निदान स्मृति वाढविण्यासाठीं पाठीमागें एक लहानशी खिडकी होती, २१.५ इंची आवृत्तीला तीहि नव्हती. आणि याच लहान आवृत्तीच्या सर्वांत स्वस्त प्रकारांत, २०१९ सालींसुद्धां, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी जुन्या धर्तीची मंद हार्ड डिस्क बसविलेली असे. आज सवलतींत येणाऱ्या मालांत हाच प्रकार पुष्कळदां असतो, कारण मूळचा स्वस्त प्रकारच जास्त स्वस्त होतो.

ही मंद डिस्क काढून तेथें एस.एस.डी. बसविली तर जुनें यंत्र पुन्हा चपळ होतें. साध्या चौकोनी पेटीच्या संगणकांत हें काम बाजूचें झांकण काढून थोडक्या वेळांत आटोपतें, आणि एखादा हुशार विद्यार्थीहि तें करूं शकतो. येथें मात्र प्रथम कांचेभोंवतीची चिकटपट्टी पातळ चाकानें कापावयाची, मग तो महागडा पडदा दोन्ही हातांनीं जपून उचलावयाचा, त्याच्या नाजूक तारा सोडवावयाच्या, आणि काम झाल्यावर नवी पट्टी लावून सगळें पुन्हा चिकटवावयाचें. हात जरा चुकला तर कांच तडकली. आणि कांच तडकली म्हणजे सूट संपली.

याहूनहि एक मोठा तोटा आहे, तो विक्रेता सांगत नाहीं आणि गिऱ्हाईक विचारीत नाहीं. पेटी वेगळी आणि पडदा वेगळा अशी व्यवस्था असली कीं पेटी मेली तरी पडदा जगतो. तो दुसऱ्या पेटीला जोडला कीं संसार पुढें सुरू. आयमॅकमध्यें दोघांची गांठ मरेपर्यंत बांधलेली. कांहीं जुन्या आवृत्त्यांत दुसऱ्या यंत्राला हा पडदा उसना देण्याची सोय होती, परंतु २०१४ च्या अखेरीस आलेल्या ‘फाइव्ह-के’ पडद्याच्या आयमॅकपासून तीहि गेली. म्हणजे आंतली पाटी जळाली कीं तो अप्रतिम पडदा जिवंतपणींच सती जातो. सतीची चाल कायद्यानें १८२९ मध्यें बंद झाली. यंत्रांच्या राज्यांत तिचें हें पुनरुज्जीवन आपण पैसे देऊन करीत आहों.

हें सारें वैजापुरांत कसें लागू पडतें तें पाहूं. मराठवाड्याच्या वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो. धूळ घरांत येते ती पाहुण्यासारखी नव्हे, भाडेकऱ्यासारखी येते. विजेचा दाब वरखालीं होण्याचे प्रसंग ग्रामीण महाराष्ट्राला नवे नाहींत. यंत्राला या तिन्ही गोष्टींचा त्रास होतो, आणि तिन्हींवरचा पहिला इलाज एकच: झांकण उघडून आंतली धूळ काढणें आणि बिघडलेला भाग बदलणें. साध्या पेटीचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला तर त्याच्या जागीं बसणारा भाग कोठेंहि मिळतो. आयमॅकचा तोच भाग कांचेमागें, त्याच आकाराचा, त्याच आवृत्तीचा हवा. छत्रपति संभाजीनगर येथून ७०-७५ किलोमीटरांवर. तेथें गेलें तरी काम होईलच असें नाहीं. ॲपलचीं स्वतःचीं दालनें मुंबईंत एप्रिल २०२३ मध्यें आणि पुण्यास सप्टेंबर २०२५ मध्यें उघडलीं. परंतु ज्या यंत्रावर ‘ऑब्सोलीट’चा शिक्का बसला, त्याला त्या दालनाच्या कांचेपलीकडचें सौंदर्य पाहून परत यावें लागतें.

आणि गांवांतला कारागीर? आमच्या मतें या वादाचें मर्म येथें आहे. तालुक्याच्या प्रत्येक गांवांत एक घड्याळजी होता, एक रेडिओ दुरुस्त करणारा होता, शिवणयंत्राला तेल घालून सुई बसवून देणारा होता. गोदरेजनें १९५५ मध्यें टंकलेखनयंत्र काढलें. तें बनविणें थांबल्यावरहि कचेऱ्यांबाहेर त्याची टकटक चालू राहिली ती कशाच्या जोरावर? त्याचा खिळा वांकला तर सरळ करणारा माणूस त्याच रस्त्यावर होता म्हणून. २००१ मध्यें महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालें आणि त्याच्या एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमाचे वर्ग खेडोपाडीं पोंचले. त्या वर्गांतल्या साध्या, कुरूप, चौकोनी पेट्यांवर एका पिढीनें अक्षरें गिरविलीं, आणि त्याच पेट्या उघडतां-मिटतां कित्येक तरुण दुरुस्तीची विद्या शिकले. बंद झांकणाचें यंत्र घरांत आणणें म्हणजे या तरुणाला सांगणें कीं तुझें येथें काम नाहीं. एका घरानें तसें सांगितलें तर त्याचें फारसें बिघडत नाहीं. शंभर घरांनीं सांगितलें तर तो दुकान बंद करून वाळूजच्या कारखान्यांत पाळी धरतो. मग ज्या दिवशीं तुमच्या साध्या छपाईयंत्राची तार निखळेल, त्या दिवशींहि तुम्हांला शहरांत जावें लागेल.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊं. पहिला आक्षेप रसिकांचा: माणसानें केवळ उपयोगासाठीं जगावें काय? घरांत एक सुंदर वस्तु असली तर मन प्रसन्न राहतें. हें आम्हांस शंभर टक्के मान्य आहे. आणि म्हणूनच आम्ही रसिकांस याच जिल्ह्यांतल्या पैठणकडे दृष्टि टाकण्याची विनंती करतों. अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहा. मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. विणकरानें कांहीं लपविलेलें नसतें. जर विटली तर रफू होते, पदर काढून दुसऱ्या वस्त्राला लावतां येतो, आजीची पैठणी नातीच्या अंगावर शोभते. ज्या सौंदर्याला पाठ दाखवितां येते आणि ज्याला ठिगळ लावल्यानें कमीपणा येत नाहीं, तें पिढ्यान्‌पिढ्या टिकतें. ज्याला आंत डोकावूं द्यावयाचें नाहीं, तें पाहुण्यांसाठीं केलेलें सौंदर्य. आणि घर पाहुण्यांसाठीं चालत नसतें. शिवाय यंत्राची कीर्ति त्याच्या कवचानें होते हेंहि खरें नाहीं. १९८८ मध्यें जाहीर झालेल्या ‘नेक्स्ट’ कंपनीच्या काळ्या घनाकार संगणकाचें रूप असेंच अपूर्व होतें. परंतु आज त्याचें नांव निघतें तें बहुधा टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ संस्थेंत त्यावर विश्वजालाचा पहिला सर्व्हर चालविला म्हणून. वस्तु अमर झाली ती कामानें.

दुसरा आक्षेप काटकसरी गृहस्थांचा: आम्हांला काम तें किती? चार पत्रें, कांहीं अर्ज, मुलांचा अभ्यास. एवढ्यासाठीं नवें यंत्र कशाला? काटकसरीच्या या बाजूला आम्ही टाळी देतों; फक्त ती अर्ध्यावर थांबते एवढीच आमची तक्रार. काम थोडें असेल तर जुनाच संगणक घ्यावा, परंतु कचेऱ्यांतून निवृत्त झालेला साधा घ्यावा. डेलची ऑप्टिप्लेक्स, एच.पी.ची एलिटडेस्क, लेनोव्होची थिंकसेंटर अशा पेट्या मुळांतच कचेरीच्या कारागिरानें भराभर उघडाव्या म्हणून बनविलेल्या असतात. अर्थात् त्यांनाहि मरण आहे. विंडोज १० ला मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ साठीं इंटेलची साधारणतः आठवी पिढी किंवा तिच्यापुढची चिप लागते. तेव्हां घेणाऱ्यानें पिढी विचारून घ्यावी. त्याहून जुनी पेटी असेल तर लिनक्स घालून ती मुलांच्या अभ्यासाला पुष्कळ दिवस पुरते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पर्यावरणाची काळजी करणारे म्हणतात, जुना आयमॅक कोणी घेतला नाहीं तर तो कचऱ्यांत जाईल. तुम्ही लोकांना परावृत्त करून कचराच वाढविता. उत्तर असें कीं ज्याला तो उघडण्याची विद्या आहे, ज्याच्या घरीं दुसरा संगणक आहे, ज्याला छायाचित्रांसाठीं तो पडदाच हवा आहे, त्यानें तो खुशाल घ्यावा. तो त्याचें आयुष्य वाढवील. पण ज्या घरांत तो एकच संगणक राहणार, आणि बिघडल्यावर कापडाखालीं झांकून ठेवला जाणार, त्या घरानें घेतल्यानें कचरा टळत नाहीं. तो लॅमिंग्टन रोडवरून वैजापूरच्या बैठकीच्या खोलींत हलतो इतकेंच. कचरा खरोखर टळावयाचा तर तो कारखान्याच्या आराखड्यावर टाळावा लागतो. या दिशेनें जगांत हालचाल सुरू झाली आहे. फ्रान्समध्यें जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप, मोबाइल आदि वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊं शकतात याचा आंकडा छापणें सक्तीचें झालें. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली, आणि ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले. परंतु कायदा गिऱ्हाइकाच्या मागोमाग चालतो. ज्या प्रश्नाला दुकानांत कोणी तोंड फोडीत नाहीं, त्याला कायदेमंडळांत तोंड फुटण्यास फार वेळ लागतो.

म्हणून आमचें सांगणें कृतीचें आहे. पुढच्या वेळीं कोणी सवलतीचा देखणा संगणक दाखविला, तर किंमत विचारण्यापूर्वी त्याला विचारा: हा उघडतो कसा? डिस्क बदलावयाची तर काय काय काढावें लागतें? कंपनीनें हा विकणें कोणत्या सालीं थांबविलें? यंत्र बंद पडलें तर पडदा माझ्या उपयोगीं पडेल काय? आणि मग तेंच वर्णन आपल्या गांवांतल्या दुरुस्तीवाल्याला दाखवून त्याला विचारा कीं बाबा, हें तुझ्या हातचें आहे काय? तो ‘हो’ म्हणाला तर वस्तु जुनी असो, देखणी असो, अवश्य घ्या, आणि तिच्या रूपाचा मनमुराद आनंदहि घ्या. त्यानें मान हलविली तर ती सूट विक्रेत्याला परत करा. त्या नकारानें तुमचे पैसे वांचतील. आणि वैजापूरच्या बाजारपेठेंत हातीं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या त्या तरुणाचें दुकान आणखी कांहीं वर्षें उघडें राहील, हा लाभ पैशांहूनहि मोठा आहे.